पुढच्या एक्सलचे शाफ्ट निवडताना: पुढच्या वेळी काय मोडलेलं चालेल?

खडकाळ वाटांवर फिरणाऱ्या फोर-व्हील गाडीचा पुढचा एक्सल शाफ्ट, म्हणजे पुढचं चाक फिरवणारा दांडा, मोडला की प्रश्न ठरलेला असतो: याहून मजबूत कुठला मिळतो? प्रश्न साहजिक आहे, पण अर्धाच आहे. इंजिनापासून चाकापर्यंत जोर ज्या ज्या भागांतून जातो, त्यातला एक भाग मजबूत केला की मोडायची पाळी त्याच्या शेजाऱ्यावर येते. आज शाफ्ट मोडला. त्याजागी दणकट शाफ्ट टाकला तर उद्या क्रॉस (शाफ्टचे दोन तुकडे जोडणारा, अधिकच्या चिन्हासारखा भाग) मोडेल. क्रॉसही भारी टाकला तर हब (ज्यावर चाक बसतं तो भाग) जाईल. आणि सगळंच भारी टाकलं तर एखाद्या दिवशी डिफरन्शियलच्या (दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरसंचाच्या) तेलात क्राऊन-पिनियनचे, म्हणजे तिथल्या मुख्य गिअरजोडीचे, दात सापडतील. शाफ्ट रस्त्यावरच बदलता येतो, क्राऊन-पिनियन बदलायला गाडी उचलून न्यावी लागते. त्यामुळे शाफ्ट निवडताना आपण खरं तर हेही ठरवत असतो की पुढच्या वेळी काय मोडलेलं चालेल. माझ्या मते संपूर्ण निवड या एका प्रश्नाभोवती केली तर पैसाही वाचतो आणि जंगलात अडकून पडण्याची वेळही कमी येते.

आधी रचना नीट समजून घेऊ. इथे मुख्यतः अखंड एक्सलबद्दल बोलतोय, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी एक भक्कम नळी आणि तिच्यात डिफरन्शियल. जीप रँग्लर, जुन्या लँड क्रूझर, सुझुकी जिम्नी यांचा पुढचा एक्सल असा असतो. मागच्या एक्सलमध्ये शाफ्ट सरळ डिफरन्शियलमधून निघून चाकापर्यंत जातो. पुढच्या चाकांना मात्र वळायचं असतं, म्हणून शाफ्टचे दोन तुकडे करावे लागतात. आतला शाफ्ट नळीतून येतो, बाहेरचा आखूड शाफ्ट हबमध्ये जातो, आणि दोघांच्या मध्ये, स्टिअरिंग नकलच्या (चाकाबरोबर वळणाऱ्या भागाच्या) बरोबर मध्यावर, वाकू शकणारा जॉइंट असतो. डिफरन्शियल बहुतेक वेळा गाडीच्या मध्यावर नसतं, एका बाजूला सरकलेलं असतं, त्यामुळे एक आतला शाफ्ट लांब आणि दुसरा आखूड असतो. शाफ्टच्या टोकाला ज्या लांबट खाचा असतात त्या स्प्लाइन. त्या डिफरन्शियलच्या साइड गिअरमध्ये आणि हबमध्ये अडकतात.

आता भार कुठून येतो ते पाहू. शाफ्टबद्दलचे निम्मे गैरसमज इथेच आहेत.

इंजिनाच्या ताकदीने शाफ्ट मोडतो असं वाटणं स्वाभाविक आहे. आकडे पाहिले तर भीतीच वाटते. २०१२ ते २०१७ च्या मॅन्युअल रँग्लर रुबिकॉनचं उदाहरण घ्या. इंजिनाचा टॉर्क ३५३ न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरचं प्रमाण ४.४६, ट्रान्स्फर केसचा (पुढच्या-मागच्या एक्सलना जोर वाटणाऱ्या गिअरबॉक्सचा) लो, म्हणजे हळू पण जोराचा गिअर, ४, डिफरन्शियल ४.१०. तिन्हींचा गुणाकार ७३ च्या आसपास येतो. म्हणजे कागदावर चाकांपाशी मिळून पंचवीस हजार न्यूटन-मीटरहून जास्त टॉर्क. एवढा टॉर्क एका शाफ्टवर आला तर बाजारातला कुठलाही सामान्य शाफ्ट टिकणार नाही. मग रोज हजारो गाड्या लो फर्स्टमध्ये खडक चढतात, त्यांचे शाफ्ट कसे टिकतात?

कारण टायर आधी घसरतो. जमिनीची पकड जेवढी, तेवढाच पीळ शाफ्टला बसतो, त्याहून जास्त बसूच शकत नाही. हिशेब सोपा आहे: त्या चाकावरचं वजन, गुणिले पकडीचा गुणांक, गुणिले चाकाची त्रिज्या. चाकावर ६०० किलो वजन आहे, कोरडा खडक आहे म्हणून पकड ०.९ धरू, आणि टायर ३३ इंची म्हणजे त्रिज्या सुमारे ४२ सेंटिमीटर. उत्तर येतं साधारण २,२०० न्यूटन-मीटर. त्यापुढे ॲक्सिलरेटर कितीही दाबा, चाक फिरून घसरेल.

आता याच हिशेबातली एकेक गोष्ट बदलून पाहा. टायर ३७ इंची केला, त्रिज्या ४७ सेंटिमीटर झाली. जाड बंपर, विंच (अडकलेली गाडी दोराने ओढणारं यंत्र), छतावरचं सामान यांनी गाडी जड झाली. उतारावर पुढचा एक कोपरा खाली दबला आणि त्या एका चाकावर १,००० किलो आले. पकड तीच ०.९. आता उत्तर येतं सव्वाचार हजारांच्या जरा खाली. इंजिनाला हातही लावलेला नाही आणि शाफ्टवरचा भार जवळपास दुप्पट झाला. म्हणून कुणी शाफ्टबद्दल विचारलं तर इंजिन कुठलं हे मी पहिल्यांदा विचारत नाही. टायर किती इंची, गाडीचं भरलेलं वजन किती आणि पुढे लॉकर (एक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरायला लावणारं साधन) आहे का, हे तीन प्रश्न आधी.

लॉकरचं महत्त्व असं की साधं, ओपन डिफरन्शियल दोन्ही शाफ्टना सारखाच पीळ देतं, आणि तोही कमी पकड असलेल्या चाकाला जेवढा झेपतो तेवढाच. एक चाक हवेत गेलं की दुसऱ्याच्या शाफ्टला जवळपास काहीच काम उरत नाही. गाडी अडकते, पण शाफ्ट सुखरूप राहतो. लॉकर लावला की हे संरक्षण संपतं. एक चाक हवेत आणि दुसरं खडकावर असेल तर पुढच्या एक्सलकडे आलेला सगळा टॉर्क एकाच शाफ्टमधून जातो. माझ्या पाहण्यात पुढचे शाफ्ट मोडायला लागतात ते बहुधा लॉकर बसवल्यानंतर. टायर मोठा करणं आणि लॉकर लावणं या दोन गोष्टी एकत्र केल्या तर शाफ्टचा विचार त्याच वेळी करावा, नंतरसाठी ठेवू नये.

टायर घसरून शाफ्टला वाचवतो, याला दोन अपवाद आहेत आणि मोडतोड बहुतेक त्या दोन अपवादांतच होते. पहिला, चाक दोन दगडांच्या मध्ये पाचरीसारखं रुततं. आता ते घसरू शकत नाही, त्यामुळे मघाचा हिशेब लागू होत नाही आणि इंजिनाचा गुणाकार करून आलेला टॉर्क खरोखर शाफ्टपर्यंत पोचतो. दुसरा, चाक हवेत जोरात फिरत असतं आणि गाडी उसळून ते एकदम खडकावर टेकतं. फिरणाऱ्या चाकाची, गिअरची, सगळ्या साखळीची ऊर्जा क्षणात कुठेतरी जिरायला हवी, आणि ती शाफ्टमध्ये जिरते. चाक उसळायला लागलं की पाय उचलणं हा शाफ्ट वाचवण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. तो कुठल्याही पोलादापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

रिव्हर्सबद्दलही सांगायला हवं. अडकलेली गाडी मागे घेताना, विशेषतः चढावर मागे घेताना, गाडीचं नाक उताराच्या बाजूला असतं आणि वजन पुढच्या चाकांवर येतं. त्यात स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असेल आणि घाईत जोर दिला असेल तर पुढच्या शाफ्टसाठी याहून वाईट वेळ नाही. पुढे चढताना जो शाफ्ट टिकला तो मागे येताना मोडतो, याचं कारण हे.

जाडी आणि स्प्लाइन

गोल दांड्याची पीळ सोसायची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे व्यास थोडा वाढला तरी ताकद बरीच वाढते. जीपच्या जगात डाना ३०, डाना ४४ आणि डाना ६० ही एक्सलची नावं सतत येतात. डाना ३० च्या आतल्या शाफ्टला २७ स्प्लाइन, टोकाचा व्यास सुमारे २९.५ मिलिमीटर. डाना ४४ ला ३० स्प्लाइन, व्यास सुमारे ३३. डाना ६० ला ३५ स्प्लाइन, व्यास सुमारे ३८. पोलाद तेच धरलं तर २७ वरून ३० स्प्लाइनवर गेल्यावर ताकद सुमारे ४० टक्क्यांनी वाढते आणि ३० वरून ३५ वर गेल्यावर पुन्हा दीडपटीच्या आसपास. साडेतीन मिलिमीटरच्या फरकात एवढा मोठा फायदा मिळतो, म्हणून लोक शाफ्टच्या चर्चेत पोलादाआधी स्प्लाइनची संख्या विचारतात, आणि ते योग्यच आहे.

पण इथे एक गोष्ट डोळ्यांना फसवते. दोन शाफ्ट शेजारी ठेवले, दोघांच्या टोकाला सारख्याच स्प्लाइन, पण एकाचा मधला दांडा जाड आणि दुसऱ्याचा स्प्लाइनच्या खाचांच्या तळाएवढा किंवा त्याहून किंचित बारीक. कुठला मजबूत? बघणारा जाड दांड्याकडे बोट दाखवेल. प्रत्यक्षात दुसरा जास्त टिकतो. जाड दांडा पीळ घेतच नाही, ताठ राहतो, आणि सगळा ताण स्प्लाइन सुरू होतात तिथल्या तीक्ष्ण खाचांवर गोळा होतो. बारीक दांडा संपूर्ण लांबीभर थोडा थोडा पिळला जातो आणि झटक्याची ऊर्जा वाटून घेतो. झटका गेला की परत सरळ होतो. चांगल्या शाफ्टचा दांडा मुद्दाम असा उतरवलेला असतो आणि जाडीतला बदल गोलाईने, हळूहळू केलेला असतो. कोपरा जिथे काटकोनात दिसेल तिथे भेग सुरू होणार हे धरून चालावं.

पोलाद

जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरांत लिहिलेला शब्द म्हणजे क्रोमोली. हे एका कुटुंबाचं नाव आहे. क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेली पोलादं म्हणजे क्रोमोली, आणि त्यात ४१३०, ४१४०, ४३४० असे बरेच प्रकार येतात. शेवटचे दोन आकडे कार्बन सांगतात: ४० म्हणजे सुमारे ०.४० टक्के. ४३४० मध्ये क्रोमियम आणि मॉलिब्डेनमबरोबर निकेलही असतं, त्यामुळे ते जास्त चिवट होतं आणि जाड तुकडाही आतपर्यंत नीट कडक करता येतो. त्याच्याही पुढे ३००एम येतं. ते ४३४० मध्ये सिलिकॉन आणि थोडं व्हॅनेडियम वाढवून बनवलेलं पोलाद आहे, विमानाच्या लँडिंग गिअरसाठी वापरतात.

कंपनीतून येणारे मूळ शाफ्ट बहुधा मध्यम कार्बनच्या साध्या पोलादाचे असतात. १०४० किंवा मँगेनीज जास्त असलेलं १५४१ अशा जातीचे. ते इंडक्शन पद्धतीने कडक केलेले असतात: विजेच्या वेटोळ्यातून नेऊन फक्त पृष्ठभाग तापवायचा आणि लगेच थंड करायचा. वरचा थर कडक होतो, गाभा मऊ राहतो. ही पद्धत वाईट नाही. पीळ सोसताना सगळ्यात जास्त ताण पृष्ठभागावरच येतो, त्यामुळे कडकपणा नेमका हवा तिथे मिळतो. मूळ टायरवर, मूळ वजनात हे शाफ्ट गाडीचं आयुष्य काढतात. त्यांना कमअस्सल म्हणणं अन्याय होईल.

४३४० चा शाफ्ट गाभ्यापर्यंत पाणी दिलेला (तापवून एकदम थंड करून कडक केलेला) आणि मग टेंपर केलेला (पुन्हा थोडा तापवून ठिसूळपणा घालवलेला) असतो. काही बनवणारे त्यावर पुन्हा इंडक्शनचा कडक थर देतात. फायदा काय होतो? क्रोमोली शाफ्ट जास्त ताठ असतो असा समज आहे, तो चुकीचा आहे. सगळ्या पोलादांचा ताठपणा जवळपास सारखाच असतो. एकाच मापाचे दोन शाफ्ट, एक साधा आणि एक ४३४० चा, यांना सारखाच टॉर्क द्या, दोघे सारख्याच अंशांनी पिळले जातील. फरक पुढे दिसतो. साधा शाफ्ट एका मर्यादेनंतर पिळलेलाच राहतो, परत येत नाही. ४३४० चा शाफ्ट त्याहून बराच जास्त पिळला जाऊनही पूर्ववत होतो. आणि झटका जिरवायची क्षमता ताणाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: मर्यादा १.४ पट झाली तर तोच शाफ्ट सुमारे दुप्पट ऊर्जा पोटात घालून परत सरळ होऊ शकतो. उसळलेलं चाक खडकावर आपटतं तेव्हा नेमकी हीच गोष्ट कामाला येते.

मात्र हे सगळं पाणी देण्याच्या कामावर अवलंबून आहे. ४३४० नीट कडक केलं नाही तर ते मूळ शाफ्टपेक्षाही मऊ निघू शकतं, आणि टेंपर न करता अति कडक ठेवलं तर ठिसूळ होतं. म्हणून विकणाऱ्याला नुसतं "क्रोमोली आहे का" असं विचारून भागत नाही. ग्रेड कुठला, गाभ्यापर्यंत कडक केलाय की फक्त पृष्ठभाग, कानांचा भाग (शाफ्टच्या टोकाला क्रॉस धरणारी दोन बोटं) फोर्ज केलेला, म्हणजे दाबून घडवलेला, आहे का, आणि मोडला तर वॉरंटीत काय मिळतं, हे विचारावं. या प्रश्नांना सरळ उत्तरं न देणाऱ्याकडून मी शाफ्ट घेणार नाही, किंमत कितीही आकर्षक असो.

जॉइंट: खरी कमजोर जागा

मोडलेल्या पुढच्या शाफ्टचे तुकडे पाहिले तर बऱ्याचदा दांडा शाबूत असतो आणि मोडलेले असतात ते कान, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा तो दोन बोटांचा भाग ज्यात क्रॉस बसतो. याचं कारण कोनात आहे.

जीपसारख्या गाड्यांत क्रॉसचा जॉइंट असतो. चाकं सरळ असताना तो पीळ जसाच्या तसा पुढे देतो. चाकं वळवली की दोन गोष्टी होतात. एक, बाहेरचा शाफ्ट एकसारख्या गतीने फिरत नाही, एका फेरीत दोनदा पुढे-मागे होतो. ३० अंशांच्या कोनात त्याची गती आतल्या शाफ्टच्या सुमारे ०.८७ पट ते १.१५ पट अशी बदलत राहते. लॉकर लावून कडक जमिनीवर वळताना स्टिअरिंगला जे हिसके जाणवतात त्यात याचा वाटा असतो. दोन, पिळाबरोबर कानांना बाजूला वाकवणारा एक वेगळा जोर तयार होतो. सरळ असताना तो शून्य असतो. ३० अंशांवर तो मूळ पिळाच्या ५८ टक्क्यांपर्यंत जातो आणि ४० अंशांवर ८४ टक्क्यांपर्यंत. म्हणजे जो शाफ्ट सरळ चाकांवर आरामात काम करतोय, त्याचेच कान पूर्ण वळणावर फाकायला लागतात.

कान किंचित फाकले की क्रॉसची वाटी सैल होते, तिला अडवणारा लॉक निसटतो, वाटी बाहेर येते, क्रॉस तिरका होतो आणि मग तो मोडताना दोन्ही शाफ्टचे कान घेऊन जातो. कधी कधी नकलमधला बॉल जॉइंटही. म्हणून चांगल्या शाफ्टमध्ये कानांभोवती जास्त पोलाद असतं आणि अर्ध्या चकतीच्या लॉकऐवजी पूर्ण गोल सर्क्लिपसाठी खाच केलेली असते. शाफ्ट हातात घेऊन पाहताना मी आधी हीच खाच पाहतो. मूळ शाफ्टवर काही जण वाट्या वेल्डिंगच्या टाक्यांनी पक्क्या करतात. साध्या पोलादावर ते चालून जातं, पण ४३४० च्या कानावर असा टाका मारला तर त्या जागेचं पाणी उतरतं आणि शेजारचा भाग ठिसूळ होतो. महागड्या शाफ्टची मुख्य ताकद तिथेच संपते.

क्रॉसही शाफ्टच्याच तोलाचा हवा. डाना ३० आणि ४४ मध्ये स्पायसरचा ५-७६०एक्स हा क्रॉस खूप वापरला जातो. त्याला ग्रीसचं निपल नसतं, म्हणजे आत ग्रीससाठी भोक पाडलेलं नसतं, आणि भोक नसल्यामुळेच तो निपलवाल्या क्रॉसपेक्षा मजबूत असतो. याहून भारी, सुयांच्या बेअरिंगऐवजी बुश असलेले क्रॉसही मिळतात. ते फार जोर सोसतात, पण वारंवार ग्रीस मागतात. ज्या गाडीला फ्री-व्हील हब (चाकाला शाफ्टपासून सोडवता येणारं हब) नाही आणि जिचे पुढचे शाफ्ट हमरस्त्यावरही सतत फिरत राहतात, तिच्यात ते टाकण्याआधी देखभालीची तयारी आहे का ते स्वतःला विचारावं.

लँड क्रूझर आणि जिम्नीत वेगळा जॉइंट असतो: एका वाटीत सहा गोळ्या, त्यांना धरणारी जाळी आणि मध्ये चांदणीच्या आकाराचा खाचांचा तुकडा. गाडीप्रेमी याला बर्फील्ड म्हणतात. हा कुठल्याही कोनात एकसारखी गती देतो, हिसके नाहीत. तो मोडतो तेव्हा बहुधा पूर्ण वळणावर जाळी तुटते किंवा वाटीला भेग जाते. त्याचेही ४३४० आणि ३००एमचे प्रकार मिळतात. जीपच्या एक्सलसाठीही आता असे गोळ्यांचे जॉइंट बसवलेले पूर्ण शाफ्ट मिळतात. जास्त वळण आणि जास्त पकड एकाच वेळी लागणाऱ्या खडकांच्या वाटेवर मला ते सर्वोत्तम वाटतात. पण जॉइंटवरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटून आत वाळू गेली तर त्यांचं आयुष्य लगेच संपतं, म्हणून बुटांवर सतत लक्ष हवं.

तुकडे काय सांगतात

मोडलेला शाफ्ट फेकून देण्याआधी त्याचं तोंड स्वच्छ पुसून उजेडात पाहा. नवीन शाफ्ट निवडताना याहून चांगली माहिती दुसरीकडे मिळणार नाही. तुकडा आडवा, जवळपास सपाट तुटला असेल आणि आसपासच्या स्प्लाइन मळसूत्रासारख्या पिळल्या असतील, तर पोलाद चिवट होतं आणि भार सरळसरळ जास्त झाला. इथे जाड किंवा चांगल्या पोलादाचा शाफ्ट खरोखर मदत करेल. तुकडा ४५ अंशांच्या तिरक्या पिळात तुटला असेल तर तो ठिसूळ तुटलेला आहे. फळ्यावर लिहायचा खडू दोन्ही हातांनी पिळून पाहा, तो असाच तुटतो. असा तुटलेला शाफ्ट चुकीच्या पद्धतीने कडक केलेला असण्याची शक्यता जास्त, म्हणजे पोलादाचा ग्रेड न बदलता बनवणारा बदलायला हवा. आणि तोंडावर शिंपल्यासारख्या एकात एक रेघा दिसत असतील, तर भेग फार आधी सुरू झाली होती आणि शेवटचा झटका फक्त निमित्त होता. ती भेग कुठून सुरू झाली ते शोधा. बहुधा एखादा ओरखडा, हातोडीची खूण किंवा गंजाचा खड्डा सापडेल.

शाफ्ट अजून मोडलेला नसेल तर एक सोपी युक्ती आहे. बसवण्याआधी दांड्यावर टोकापासून टोकापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढा. पुढे कधी शाफ्ट बाहेर काढाल तेव्हा रेघ सरळ असेल तर शाफ्ट मर्यादेत काम करतोय. रेघ दांड्याभोवती वळली असेल तर शाफ्ट कायमचा पिळला गेलाय आणि त्याचा शेवट जवळ आहे.

बसवण्यातल्या अडचणी

स्प्लाइनची संख्या बदलायची तर समोरचा साइड गिअर किंवा लॉकरही त्याच संख्येचा लागतो. डाना ३० मध्ये ३० स्प्लाइनचे शाफ्ट टाकायचे तर ३० स्प्लाइनचा लॉकर हवा. लॉकर आधीच २७ चा घेतलेला असेल तर हा रस्ता महागडा होतो. म्हणून लॉकर आणि शाफ्ट यांचा निर्णय एकदमच घ्या. जाड शाफ्ट नळीच्या आतल्या सीलमधून जाईल का, हेही तपासावं लागतं. बाहेरच्या शाफ्टच्या स्प्लाइन आतल्यापेक्षा वेगळ्या असू शकतात: जुन्या डाना ४४ मध्ये आत ३० आणि बाहेर १९, जुन्या डाना ६० मध्ये आत ३५ आणि बाहेर ३०. आतला शाफ्ट भारी टाकून बाहेरचा जुनाच ठेवला तर मोडायची जागा फक्त काही इंच सरकते. कधी कधी हेच हवं असतं, कारण बाहेरचा आखूड शाफ्ट किंवा फ्री-व्हील हब बदलणं सगळ्यात सोपं. पण ते ठरवून केलेलं असावं.

काही एक्सलमध्ये एका बाजूचा शाफ्ट मधून तोडलेला असतो आणि फोर-व्हील लावलं की सरकता कॉलर दोन तुकडे जोडतो. १९८७ ते १९९५ च्या रँग्लरमध्ये तो व्हॅक्यूमवर चालायचा, २०१८ नंतरच्या रँग्लरमध्ये विजेवर चालतो. अशा गाडीसाठी शाफ्ट घेताना तो कॉलर ठेवायचा की एकसंध शाफ्ट टाकायचा हे आधी ठरवावं लागतं, कारण दोन्हींचे सेट वेगळे येतात.

आणि नळी. नळी वाकलेली असेल तर कुठलाही शाफ्ट तिच्यात नीट फिरणार नाही. एका बाजूचं सील वारंवार गळत असेल, टायर आतून झिजत असेल, तर शाफ्ट विकत घेण्याआधी नळी आणि टोकाचे सी आकाराचे भाग मोजून घ्या. तिथे पट्ट्या जोडून मजबुती देणं शाफ्टच्या आधी यायला हवं.

मग घ्यायचं काय? ३३ इंचापर्यंत टायर आणि पुढे ओपन डिफरन्शियल असेल तर मूळ शाफ्ट ठेवा आणि चांगले क्रॉस टाका. उरलेले पैसे टायरवर किंवा विंचवर खर्च करा. ३३ ते ३५ इंच आणि लॉकर असेल तर ४३४० चे आतले-बाहेरचे दोन्ही शाफ्ट, पूर्ण गोल सर्क्लिप, बिननिपलचे क्रॉस. डाना ३० इथपर्यंत चालतो, पण पाय हलका हवा. ३५ ते ३७ साठी डाना ४४ च्या खाली राहू नये. ३७ च्या पुढे, लॉकर आणि खडक असतील, तर शाफ्टवर शाफ्ट बदलण्यापेक्षा डाना ६० सारखा संपूर्ण एक्सल घालणं शेवटी स्वस्त पडतं, कारण तोवर क्राऊन-पिनियन, बॉल जॉइंट आणि हब सगळेच मर्यादेला आलेले असतात. चिखल आणि वाळूत फिरणाऱ्यांनी एक पायरी खाली राहिलं तरी चालेल. तिथे पकड कमी असते.

पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाड्यांचा हिशेब वेगळा आहे. अखंड एक्सलमध्ये जॉइंटचा कोन फक्त स्टिअरिंगने बदलतो. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये चाक वर-खाली झालं तरी बदलतो, आणि गाडी उंच केली की शाफ्ट उभ्याउभ्याच कोनात राहतात. तिथे भारी शाफ्टआधी उंची मर्यादेत ठेवणं आणि डिफरन्शियल खाली घेणं जास्त उपयोगी पडतं.

बसवताना शाफ्टवर हातोडी मारू नका. क्रॉस प्रेसने बसवा, आणि सर्क्लिप खाचेत पूर्ण फिरून बसलाय का ते बोटाने फिरवून पाहा. चाकं पूर्ण डावीकडे आणि उजवीकडे वळवून, हाताने फिरवत, कान एकमेकांना कुठे घासतात का ते तपासा. घासत असतील तर स्टिअरिंगचे स्टॉप थोडे बाहेर काढा. वळण किंचित कमी होईल, पण कान वाचतील. सील ओलांडताना स्प्लाइनच्या टोकांनी ते फाटू नये म्हणून शाफ्ट हाताने तोलून धरून सरळ आत सरकवा. सील फाटलं की तेल नळीतून वाहून नकलपाशी गळायला लागतं आणि सगळं पुन्हा उघडावं लागतं. पहिल्या अवघड वाटेनंतर सर्क्लिप आणि हबचे बोल्ट पुन्हा पाहा. काढलेले जुने शाफ्ट सरळ असतील तर टाकू नका. नव्या शाफ्टच्या स्प्लाइनची संख्या तीच असेल, तर क्रॉस बसवून, ग्रीस लावून, लांब आणि आखूड दोन्ही बाजूंचे एकेक गुंडाळून गाडीत ठेवा. जोडीला सर्क्लिपची पक्कड आणि हबच्या नटाचा पानाही ठेवा.